जेवढं आत, तेवढं बाहेर

मणदूरच्या नाक्यावर सॅक उघडायला लावल्या
आणि वनरक्षकानं एकेक वस्तू वहीत उतरवली:
पाण्याच्या बाटल्या सहा, पिशव्या चार,
बिस्किटांचे पुडे अकरा.
"जेवढं आत, तेवढं बाहेर. कमी भरलं तर दंड."
खाली वाटाड्याची सही.
धाकलू झोरेनं वही घेतली, हात लांब केला,
अजून लांब,
जणू पानात इंगळी बसलीय,
आणि सही केली ती थेट पिशव्यांच्या ओळीवर.

मिरजेत चष्म्याचं दुकान आहे माझं, एकोणतीस वर्षं.
हात किती लांब जातो त्यावरून नंबर सांगतो मी.
दोन. फार तर सव्वादोन.
बोललो नाही. सुट्टीवर होतो.

चढ सुरू झाला तशी मेव्हण्याची पोरं
मोबाईल उंच धरून रेंज शोधायला लागली.
धाकलू मधेच थांबायचा.
"त्या पल्याडच्या सोंडंवर, हिरड्याच्या डाव्या अंगाला. गवा हाय."
मला आधी हिरडाच सापडेना.
लांबची नजर सहाला सहा आहे माझी,
स्वतःच तपासलेली.
"आता मान फिरवली बगा त्यानं," तो म्हणाला,
मी नुसतंच "हो हो" म्हटलं,
गिऱ्हाइकं म्हणतात तसं,
शेवटच्या ओळीला.

सड्यावर वाळलेलं गवत, वारा, आणि बसायला ऐसपैस दगड.
आम्ही बसलो. तो उभाच.
"हितं आमचं खळं हुतं," म्हणाला.
"आन् खाली त्यो आंबा दिसतोय न्हवं? त्येच्या म्हागं दार."
आंबे दहा-बारा होते.
कुठला, ते मी विचारलं नाही.
पाण्याची बाटली पुढं केली.
त्यानं अर्धी प्यायली, झाकण लावलं,
मोजून परत दिल्यासारखी परत दिली.

उतरून कुंपणाबाहेर तंबू ठोकला. उलटा.
परत ठोकला.
शेकोटीपाशी धाकलू काडेपेटीच्या कडेनं तळहात घासत बसला.
"काय झालं?"
"काटा हाय. परवापास्नं. घावत न्हाई."
तेव्हा मात्र मला राहवेना.
नाकावरचा चष्मा काढून दिला.

त्यानं आधी हातच बघितला, कितीतरी वेळ.
"ह्येवढ्या रेघा हायती व्हय?"
मग सेफ्टी पिनेनं काटा काढला,
शेकोटीच्या उजेडात धरला,
आणि न बोलता आत टाकला.
मग काडेपेटी. नवी कोरी.
बाजूचं वाचलं, अक्षर लावत लावत: "पन्नास."
उघडून काड्या मोजल्या.
बेचाळीस.
"बगा," म्हणाला, "आमास्नी कदी कळणार हुतं!"

मग मान वर केली आणि दचकलाच.
"चांदण्यांचं पार पीठ झालं की!"
"तो जवळचा आहे. वर बघायचं नाही त्यातनं."
त्यानं चष्मा कपाळावर सरकवला,
आभाळ जागच्या जागी आहे का बघितलं,
परत खाली ओढला.

रात्री सांबर ओरडलं.
पोरं तंबूत एकमेकांना बिलगली.
बाहेरून त्याचा आवाज आला, शांत:
"लांब हाय. झोपा."

सकाळी बघतो तर घोंगडं मांडीवर पसरून
गोचिडी वेचत होता, नाकावर माझा चष्मा,
एकेक नखावर घेऊन.
चहा झाला. तंबू गुंडाळला.
चष्म्याचं कुणी काढलंच नाही.

नाक्यावर परत मोजणी.
पिशवी एक कमी भरली,
ती मेव्हण्याच्या बुटात निघाली.
"सही," वनरक्षक म्हणाला.
धाकलूनं खिशात हात घातला, माझ्याकडं बघितलं,
चष्मा लावला
आणि वही जवळ ओढून पहिल्या ओळीपासून वाचायला लागला.
"अरं, सही कर की!"
"वाचू तर दे."

वहीत चष्मा लिहिलेला नव्हता.
हिशेब बरोबर भरला.

शिराळ्यात हॉटेलात थांबलो.
दरांचा कागद पोऱ्यानं समोर ठेवला.
मी तो उचलला, हात लांब केला,
अजून लांब.
"काका, चष्मा इसरला काय?"
हो, म्हटलं.
तूच वाच.